साक्षीच्या आधीचा उन्हाळा

४ एप्रिल. सकाळपासून मिरच्यांचे देठ मोडत बसले आहे. हातांना गोडेतेल चोपडलं आहे, तरी नखांच्या कडा चुरचुरायच्या त्या चुरचुरतातच. गच्चीवर जुन्या साडीवर ब्याडगी पसरली आहे, शेजारी संकेश्वरी. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. दोन्हींचं प्रमाण इथे कोणी कोणाला खरं सांगत नाही. विचारलं की "अंदाजानं घालतो की" असं उत्तर येतं, आणि तो अंदाज घरातल्या मुलीलाही लग्न ठरेपर्यंत मिळत नाही.

कोल्हापुरात चैत्र आधी नाकाला कळतो. मिरची भाजायला सुरुवात झाली की अख्खी गल्ली शिंकते. रिक्षावाला शिंकतो, पोस्टमन शिंकतो, आलेला पावणा आधी शिंकतो आणि मग पत्ता विचारतो. डंक सुरू होतात. डंक म्हणजे मिरची कांडायची यंत्रं. लोखंडी मुसळं एकामागून एक उखळात आपटतात आणि त्या धडधडीने दोन-तीन गल्ल्यांची झोप मोडते. कांदा-लसणाची चटणी वर्षाची एकदम करायची, बरणीत दाबून भरायची, वर हिंगाचे खडे ठेवायचे आणि फडकं बांधायचं. घरात दुसरं काही नसलं तरी चालतं. चटणी संपली म्हणजे घर बसलं.

मी ख्रिस्ती घरातली. आमच्या प्रार्थनेत आम्ही रोजची भाकर मागतो. आजची आज, उद्याची उद्या. लहानपणी रविवारच्या शाळेत मान्नाची गोष्ट सांगायचे: रानात आकाशातून अन्न पडायचं, ते त्या दिवसापुरतंच गोळा करायचं, कोणी हावरटपणे साठवलं तर दुसऱ्या दिवशी त्यात किडे पडायचे. ती गोष्ट ऐकून मी घरी आले तर आई वर्षाची चटणी बरणीत ठोकून भरत होती. मी विचारलं, हे देवाला चालतं का. आई म्हणाली, "रानात डंक नव्हता."

या उत्तराने माझं समाधान झालं नाही, आणि मोठेपणीही त्याहून बरं उत्तर मला सापडलेलं नाही. देवावर विश्वास ठेवायचा आणि बरणीही भरायची. दोन्ही करणारी माणसं मला जरा संशयास्पद वाटतात. मी त्यांच्यातलीच एक आहे.

एका वर्षी मात्र मी बरणी भरली नाही. मिरची हातात घेतली की तो उन्हाळा आठवतो. आठवण सुखाची नाही, दुःखाचीही म्हणता येत नाही. त्या उन्हाळ्यात मी प्रत्येकावर संशय घेतला, आणि त्यातले थोडे संशय बरोबर निघाले.

आमचे हे एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत होते. नाव सॅम्युअल, पण गल्लीला आणि चर्चच्या मंडळीला ते सॅमभाऊ. लोखंड ओतण्याच्या खात्यात शिफ्ट सांभाळायचे. फेब्रुवारीत ऑर्डरी कमी झाल्या, मार्चमध्ये मालकांनी भट्टी विझवली. फाउंड्रीची भट्टी विझली की ती उद्या परवा पेटत नाही, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात कळलेलं होतं. हे घरी आले, डबा मोरीत ठेवला आणि म्हणाले, "देव पुरवील."

मी विचारलं, "कधीपासून?"

ते हसले. मी चेष्टा करत नव्हते. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. त्यात भाजी-दूध भागतं, घर भागत नाही. माझा प्रश्न साधा होता.

आठवडाभरात पुण्याहून ह्यांच्या थोरल्या भावाचा, दादांचा, फोन आला. त्यांच्या ओळखीच्या एका सोसायटीत वॉचमनची जागा होती. पार्किंगच्या मागे राहायला खोली. "ईस्टर होऊ दे, मग कळवा. पण त्याच्या पुढं मी जागा धरून ठेवू शकत नाही," दादा म्हणाले. हे म्हणाले, बघू, प्रार्थना करू. मी खोलीला खिडकी आहे का ते विचारलं. नव्हती.

तेव्हा प्रश्न एवढाच होता. कोल्हापूर सोडायचं की नाही. घर बंद करायचं, माझं मशीन विकायचं, पन्नाशी दिसायला लागलेल्या माणसाला शिट्टी आणि टोपी देऊन दारात उभं करायचं. नाहीतर इथे बसून राहायचं आणि रोज संध्याकाळी म्हणायचं, पुरवील. ह्यांचा ओढा दुसऱ्या बाजूला होता. माझा कुठेच नव्हता. मी फक्त मिरची आणली नाही. जिथे आपण मेमध्ये असू की नाही ठाऊक नाही, तिथे वर्षाची चटणी कशासाठी करायची?

हे कोणाला सांगितलं नव्हतं, पण गल्लीत मिरची न वाळवणारं घर लपत नाही. समोरच्या मालनवैनी रस्त्यावरूनच ओरडल्या, "काय ओ वैनी, गच्ची रिकामी दिसतीया! यंदा चटणी न्हाई व्हय?"

"करायची आहे अजून," मी म्हटलं.

"कवा? वळवाचा पाऊस पडल्यावर?"

मालनवैनी मनाने वाईट नाहीत. फक्त त्यांचा आवाज असा आहे की त्यांनी दाराशी विचारलेलं कोपऱ्यावरच्या गिरणीत ऐकू जातं. त्या दिवसापासून मी डंकाच्या गल्लीने जाणं सोडलं. तिथे दिवसभर बायका डबे घेऊन रांगेत बसलेल्या असतात आणि येणारी-जाणारीला एकच प्रश्न विचारतात, "तुमची कधी?" मी मंडईला लांबच्या वाटेने जायला लागले.

आणि मग वाट्या यायला लागल्या.

पहिली मालनवैनींचीच आली. स्टीलची वाटी, वर दुसरी वाटी उपडी, आत नवी चटणी, लालभडक, अजून तेल सोडत असलेली. "चाखा," म्हणाल्या, "आन् सॅमभाऊस्नी सांगा, झ्याक बारीक झालीया म्हणावं." मी म्हटलं सांगते. मनात म्हटलं, चटणी बारीक झाली हे माझ्या नवऱ्याला कशाला कळवायचं? हा कसला निरोप? मी दिला नाही.

दोन दिवसांनी तालमीशेजारच्या घरातून एक आली. मग गिरणीवाल्यांच्या सुनेकडून. मग अशा बाईकडून जिला मी फक्त नमस्कारापुरती ओळखत होते. कोणाची चटणी खोबरं जास्त घातलेली, कोणाची मिठाला चढी, कोणाची नुसती आग. नवी चटणी शेजारी चाखायला देतात, हे आहेच. पण आपल्या घरातून एक वाटी गेली की त्यांच्याकडून एक येते, असा तो व्यवहार. माझ्या घरातून काहीच गेलं नव्हतं. एका बाजूनेच वाहणाऱ्या पाण्यावर माझा विश्वास नाही. वर कुठेतरी कोणीतरी फळी काढलेली असते.

शिवाय आमच्याकडे वाटी रिकामी परत देत नाहीत. प्रत्येक वाटीत काहीतरी घालून ती परत करावी लागते. मी साखर घातली. मग गूळ घातला. मग शेंगदाण्याचा कूट. दया येऊन कोणी चटणी द्यायची आणि त्याबद्दल मी गूळ मोजायचा, ही दया मला परवडत नव्हती.

मला कळून चुकलं होतं की गल्लीला आणि मंडळीला आमचं सगळं माहीत झालं आहे. कसं झालं तेही मला माहीत होतं, किंवा तसं वाटत होतं. आमच्यात दर आठवड्याला कोणाच्या तरी घरी प्रार्थना सभा असते. डोळे मिटून एकेक जण मोठ्याने प्रार्थना करतो. वरकरणी ती देवाला असते. पण अमक्याच्या मुलीचं जमत आलेलं मोडलं, तमक्याच्या पोटात गाठ निघाली, हे मंडळीला वर्षानुवर्षं असंच कळत आलेलं आहे. डोळे मिटलेले असतात, कान नसतात. ह्यांनी त्या मार्चमध्ये एका सभेत प्रार्थना केली, "प्रभू, आमच्या घराची भट्टी तुझ्या हाती आहे." सगळ्या बायकांनी एकदम "आमेन" म्हटलं. त्या आमेनमध्ये मला चौकशी ऐकू आली.

घरी आल्यावर मी म्हटलं, "देवाला सांगायचं तर मनात सांगा. खोलीचं दार लावून सांगा. त्याला काय ऐकू येत नाही?"

"मी देवालाच सांगितलं."

"बारा-पंधरा बायकांच्या देखत. त्याला मागणं म्हणतात. देवाकडे नव्हे, बायकांकडे."

 त्यानंतर सभेत आमच्या घराबद्दल हे एक शब्दही बोलले नाहीत. तरी वाट्या थांबल्या नाहीत. मग मला वाटलं, हे बाहेर कुठेतरी बोलतात.

महिला मंडळाच्या सरोजिनीताईसुद्धा एक दिवस वाटी घेऊन आल्या. खुर्चीत बसल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "पुरवणारा तो आहे, आपण नुसती भांडी." मी त्यांच्या भांड्याकडे बघितलं. पितळेची वाटी, घासून लखलखीत, तळाला नाव कोरलेलं, म्हणजे परत द्यायला विसरता येऊ नये. पुढे आवाज खाली आणून म्हणाल्या, "रविवारी मी सॅमभाऊंचे डोळे बघितले. लालभडक. किती रडून प्रार्थना करत असतील हो ते!"

डोळे लाल असतात, हे मीही बघितलं होतं.

हे रोज पहाटे उठून बाहेर पडायचे. कुठे जाता, तर म्हणायचे चर्चला, जरा प्रार्थना करून येतो. जेवायच्या वेळेला परत यायचे. इतकी लांब प्रार्थना मी पाळकसाहेबांचीही ऐकलेली नाही. येताना पिशवीत कधी तूरडाळ असायची, कधी तेलाची पिशवी, कधी साबण. कुठून आणलं विचारलं की म्हणायचे, "पुरवठा झाला." हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं. पुरवठा नळाला होतो, रेशनच्या दुकानात होतो. नवरा बेकार असताना पिशवीत तूरडाळ आपोआप येत नाही. बायबलात कावळ्यांनी एका संदेष्ट्याला भाकर आणून दिली, हे मीही शिकलेले आहे. पण त्या कावळ्यांनी ती कोणाच्या तव्यावरून उचलली, हे कोणी विचारलेलं नाही. मला वाटतं, मी असते तर विचारलं असतं.

दर रविवारी उपासनेत साक्षी व्हायच्या. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. त्या महिन्यात मी त्या नीट कान देऊन ऐकल्या, आणि एक गोष्ट लक्षात आली. साक्ष देणारा माणूस नेहमी पलीकडे पोचलेला असतो. नोकरी लागलेली असते, गाठ साधी निघालेली असते, पोरगं पास झालेलं असतं. कोणी कधी मधेच उभं राहून म्हणालेलं नाही की बंधुभगिनींनो, मी अजून पाण्यातच आहे, काही आलेलं नाही, बाकी तुमचं चालू द्या. अशा माणसाला उभं राहायला जागाच ठेवलेली नाही. तो बाकावर बसून गीतांची पानं उलटतो. मी तशी बसले होते.

आज हे लिहिताना मधेच उठून मिरच्या उलटून आले. ऊन चांगलं आहे. खाली दारात हे कोणाशी तरी बोलत आहेत आणि मोठ्याने हसत आहेत. माणूस हसतो तेव्हा त्याला काही लपवायचं नसतं, असं पूर्वी मला वाटायचं. आता तसं वाटत नाही. ह्यांच्यासारखी माणसं हसतात त्याच वेळी जास्त लपवत असतात.

त्या चैत्रात जोतिबाची यात्रा आली. यात्रेच्या दिवसांत शहर गुलाबी होतं. डोंगरावरून उतरणाऱ्या माणसांच्या केसांत, कानांत, चपलांच्या पट्ट्यांत गुलाल. एसटीच्या सीटवर गुलाल, चहाच्या कपावर गुलाल. मालनवैनींचं सगळं घर देवाची उंच सासनकाठी घेऊन डोंगरावर गेलेलं. आणि यात्रेच्या आदल्या-मधल्या कुठल्याशा दुपारी हे चपला काढायला वाकले, तेव्हा मला ह्यांच्या कानामागे, मानेच्या घडीत, लाल भुकटी दिसली.

मी पाट मांडला, ताट वाढलं, समोर बसले. ते हात धुऊन आले तेव्हा मान पुसलेली होती.

आमच्या गल्लीत कोणी जोतिबाला जातं, कोणी अंबाबाईला, आम्ही चर्चला. त्यात मला कधी अडचण वाटलेली नाही. मालनवैनी नारळाचा तुकडा देतात, मी नाताळात करंज्या देते. पण जो माणूस घरात रोज मला सांगतो की देव पुरवील, तो मला न सांगता डोंगरावर जाऊन नवस बोलून येत असेल, तर मग तो मला जे सांगतो ते कोणाच्या जिवावर? मला राग जाण्याचा नव्हता आला. न सांगता जाण्याचा आला होता. आणि रागाखाली दुसरं काहीतरी होतं, ते मला दोन दिवसांनी, फॉल लावता लावता समजलं. ती भीती होती.

माझा स्वतःचा विश्वास असा कधी नव्हताच. मी चर्चला जाते, दशांश देते, गीतं म्हणते. पण उद्या काही नाही आलं तरी येईल, हे मनापासून म्हणणारं माणूस आमच्या घरात एकच होतं. त्याच्या जिवावर मी इतकी वर्षं बिनधास्त शंका काढत आले होते. घरात एक जण झोपतो म्हणून दुसऱ्याला जागता येतं. तोही जागा झाला, तर मग घराला कोण सांगणार की सगळं ठीक आहे? ह्यांनी गुपचूप दुसरं दार ठोठावलं असेल, तर पहिलं उघडणार नाही असं त्यांनाही वाटायला लागलं असणार. मग पुण्याचीच खोली. खिडकी नसलेली.

ईस्टर झाला. पुनरुत्थानाच्या दिवशी सकाळी गीतं झाली, सगळ्यांनी हात मिळवले. सोमवारी दादांचा फोन आला. ह्यांनी उचलला नाही, मला दिला. "उद्या सांगते," मी म्हटलं. माझं उत्तर ठरलेलं होतं. येतो म्हणायचं. ह्यांच्या तोंडून ते निघणार नाही, म्हणून मीच म्हणायचं.

त्याच सकाळी मालनवैनी पुन्हा आल्या. पुन्हा वाटी. यात्रेहून आल्यावर त्यांनी चटणीची दुसरी खेप केली होती, मुलीच्या सासरी द्यायला. मला तोवर पुरे झालं होतं. मी वाटी घेतली नाही. उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "वैनी, रागावू नका, पण आम्हाला दान नको. आम्ही पुण्याला जातोय."

मालनवैनींनी कमरेवर हात ठेवला.

"दान? कसलं दान ओ? डोस्कं फिरलं का काय तुमचं?"

"मग ही काय रोज रोज?"

"अवो, सॅमभाऊंनी कांडली की आमची चटणी! कांडणाऱ्याची पयली वाटी असती. त्ये डंकावर हातात घेत न्हाईत, म्हनत्यात घरला द्या, तिला आवडतीया. म्हनून घरला आणतोय. समद्या बायका आणत्यात. आन् तुमी परत काय देता, तर गूळ! मी म्हटलं असंल त्यांच्यात रीत."

मी दाराची कडी धरून उभी राहिले.

"कुठल्या डंकावर?"

"आता! कुठल्या म्हंजी? तालमीमागच्या. डंकवाल्याचा हात मोडलाय न्हवं का, तवापासनं सॅमभाऊच तर चालवत्यात. तुमास्नी ठावं न्हाई?" मग त्यांचा आवाज, जन्मात पहिल्यांदाच, खाली आला. "तुमी यंदा डंकावर आलाच न्हाई की, वैनी."

कांडणाऱ्याची वाटी मला माहीत नव्हती असं नाही. लहानपणी आमच्या आईकडे मुसळ घेऊन कांडायला बायका यायच्या, तेव्हा घाम पुसून उठणाऱ्या बाईला पहिली वाटी मिळायची. यंत्रं आली, मग ती वाटी मागे पडली असं मी धरून चालले होते. आमच्या गल्लीत ती चालू होती. माझ्या घरात आली तेव्हा मी तिला भीक समजले आणि गूळ घालून परत पाठवली. मी वर्षाची चटणी केली असती, तर पहिल्याच दिवशी डबा घेऊन डंकाच्या रांगेत बसले असते आणि समोर नवरा दिसला असता. सगळ्या गल्लीला माहीत असलेली गोष्ट मला एकटीला माहीत नव्हती, कारण मी एकटीनेच त्या गल्लीची वाट सोडली होती.

मालनवैनींची वाटी मी घेतली. "थांबा, देते रिकामी करून," म्हटलं. "गूळ घालू नगा," त्या म्हणाल्या.

दुपारी हे आले. मी पाट मांडला नाही. उभ्यानेच विचारलं, "चर्च किती वाजता उघडतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ओट्यावरच्या वाटीकडे. मग स्वतःच पाट मांडून बसले.

"आधी चर्चलाच जातो," म्हणाले. "थोडा वेळ बसतो. मग तिथून डंकावर. खोटं काही बोललो नाही."

"खरंही बोलला नाहीत."

"तुला सांगितलं असतं तर तू लगेच जून काढला असतास."

"जूनमध्ये डंक बंद होतो," मी म्हटलं. "मग काय?"

"बघ," ते म्हणाले, आणि हसायला लागले.

मला हसू आलं नाही. मी विचारलं, डोळे? मिरचीने. साबण, डाळ, तेल? डंकाच्या मजुरीतून. "मग पुरवठा झाला, पुरवठा झाला काय म्हणत होता?" तर म्हणाले, "झालाच होता की." आणि कानामागची भुकटी? त्यावर त्यांनी विचारलं, तुला काय वाटलं? मी सांगितलं काय वाटलं ते. आता ते इतके हसले की ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर मात्र गंभीर झाले.

"मनात आलं होतं एकदा," म्हणाले. "मालनवैनींचे मालक म्हणाले, चला गाडीत जागा आहे. रांगेतले डबे संपायचे होते म्हणून राहिलो. जागा रिकामी असती आणि डबे नसते, तर काय केलं असतं सांगता येत नाही."

हे त्यांनी न विचारता सांगितलं. नवऱ्याकडून अशी गोष्ट ऐकून बायकोने खचायला हवं. मला उलट बरं वाटलं, का ते विचारू नका. ज्याला शंका येते त्याचा शब्द मला कळतो.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. रोज पहाटे चर्चमध्ये बसून ते म्हणायचे, प्रभू, पुण्याला जायचं असेल तर आज डंक बंद पाड, म्हणजे मला कळेल.

"मग?"

"पडला एकदा. पट्टा तुटला."

"अहो! मग?"

"मग बसवला की दुसरा. बायका रांगेत होत्या."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "देवाने तुम्हाला स्पष्ट सांगितलं आणि तुम्ही ते दुरुस्त केलंत?"

"पट्टा जुना होता," ते म्हणाले, आणि भाकरी मागितली.

यावर मी तेव्हापासून पुष्कळ विचार केला आहे. देवाने पुरवलं की ह्यांनी कांडलं? डंकवाल्याचा हात मोडला हे देवाचं पुरवणं म्हणायचं का? मग डंकवाल्याच्या घरात काय म्हणायचं? पाळकसाहेबांना मी एकदा विचारलं, तर ते म्हणाले, देव सगळ्यांतून भलं करतो. ते म्हणताना त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मला हे अजून पटलेलं नाही आणि मोडूनही काढता येत नाही. विश्वास आणि आळस ह्यांची तोंडं बाहेरून सारखी दिसतात, असं मी त्या मार्चमध्ये समजून बसले होते. बसलेला माणूस दिसला की मला आळस दिसायचा. आणि मी ज्याला बसलेला समजत होते तो पहाटेपासून उभा होता, हे खरं. पण तो उभा नसता, खरंच नुसता प्रार्थना करत बसला असता, आणि तरी वाट्या आल्या असत्या, तर? त्या मी काय म्हणून घेतल्या असत्या? या प्रश्नाला मी त्या उन्हाळ्यात थोडक्यात चुकवून आले. सुटका झाली, उत्तर मिळालं नाही.

जून आला, आणि गेलाही. तो कसा गेला हे मी कधी उपासनेत उभी राहून सांगितलेलं नाही. सांगण्यासारखा शेवट त्याला नव्हता. थोडं इकडून, थोडं तिकडून, एखादा आठवडा कुठूनच नाही. रोजची भाकर म्हणजे हेच असणार. ऐकताना ती गोड वाटते. खाताना प्रत्येक घासाला वाटतं, पुढचा आहे की नाही.

पण त्या सोमवारच्या दुपारी जून अजून यायचा होता आणि दादांना उत्तर द्यायचं होतं. हे जेवून उठले, हात पुसत म्हणाले, "तू सांगशील ते. पुणे तर पुणे. फक्त हे डबे संपू देत. चाळायला बसणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेलीय, रांग हटत नाही." आणि परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हे बाहेर पडल्यावर, मी पुण्याला फोन लावला. आम्ही येत नाही, म्हटलं. दादा चमकले. त्यांना वाटलं फाउंड्री सुरू झाली. नाही, म्हटलं. दुसरीकडे लागला? तसंही नाही. डंकाचं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, ते महिना-दीड महिन्याचं काम. पुढं काय खाणार?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही, दादा."

"तो असं बोलतो ते ठीक आहे. तू शहाणी म्हणून मी तुझ्याशी बोलतो."

"मी शहाणीच आहे," मी म्हटलं. "जागा दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाका. उगीच धरून ठेवू नका."

फोन ठेवला. देवाचं नाव माझ्या तोंडात आलं नाही, मनात तर नाहीच. मशीनवर कापड घातलं, जुनी साडी नेसले, कुलूप लावलं आणि तालमीच्या बाजूने चालायला लागले. वळणावरच धडधड पायांना लागायला लागली. रांग दारापासून पार विजेच्या खांबापर्यंत. हे आत मुसळांपाशी होते, तोंडाला फडकं, भुवया लाल. त्यांनी मला बघितलं आणि यंत्र थांबवलं नाही.

रांगेतली एक म्हातारी ओरडली, "ओ बाई, रांग मागनं हाय!"

"मी रांगेत नाही," मी म्हटलं. "चाळणी कुठं आहे?"

कोणीतरी बोट दाखवलं. मी नाकावर पदर घट्ट बांधला, पाय दुमडून बसले आणि पहिला डबा पुढे ओढला.